छोट्या प्रवाळ-टाकीला दिवा कोणता लावावा?



हल्ली आपल्या नातवंडांना एक नवी हौस लागली आहे. साधे सोनेरी मासे त्यांना पुरत नाहीत. खाऱ्या पाण्याची टाकी हवी आणि त्या टाकीत जिवंत प्रवाळ हवेत. मूल एलातची सहल करून येतं, १९७५ साली सुरू झालेल्या तिथल्या पाण्याखालच्या वेधशाळेत काचेतून रंगीत प्रवाळ पाहून येतं, आणि दुसऱ्या दिवसापासून मागणी सुरू होते. आईबाप कामात. मग टाकी येते ती आजीआजोबांच्या घरी, आणि बहुतेक वेळा आजीआजोबांच्याच पेन्शनमधून! म्हणून हा लेख दोघांसाठी आहे, पैसे देणाऱ्यांसाठी आणि हट्ट धरणाऱ्यांसाठीही.

टाकी, मीठ, पाणी आणि फिल्टर यांबद्दल दुकानदार पुष्कळ सांगतो. दिव्याबद्दल मात्र "हा घ्या, सगळ्यात जोरदार आहे" एवढंच ऐकायला मिळतं. खरं म्हणजे छोट्या टाकीत पुष्कळदा दिवाच सगळ्यात महाग पडतो, आणि तो चुकला तर प्रवाळ दगावतो. मासा आजारी पडला की तळमळतो, वर येतो, आपल्या लक्षात येतं. प्रवाळ बिचारा जागचा हलत नाही. तो आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो आणि आपल्याला वाटतं, ठीक चाललंय.

प्रवाळ म्हणजे काय?

आपल्या आज्यांच्या अंगठीत, गळ्यात पोवळं असायचं, मोती-पोवळं म्हणतात ते. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रात, कमी उजेडाच्या खोल पाण्यात वाढतं. त्याला उजेडाची गरज नसते. टाकीत ठेवायचे प्रवाळ, ज्यांना मुलं इथे 'अल्मोगिम' म्हणतात, ते वेगळे. उथळ, स्वच्छ आणि उबदार पाण्यात राहणारे.

प्रवाळ हा दगडही नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. मात्र त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी शेवाळाची पेशी राहते. ही पेशी उजेडात साखर तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला, म्हणजे प्रवाळाला देते. सोप्या भाषेत सांगायचं तर प्रवाळाने स्वयंपाकीणबाई पोटातच ठेवली आहे, आणि त्या बाईची चूल उजेडावर पेटते. उजेड कमी पडला तर चूल विझते. उजेड फार झाला तर स्वयंपाकघराला आग लागते, आणि प्रवाळ त्या बाईला घराबाहेर काढतो. मग त्याच्या पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळ पांढरा पडणं म्हणतात. पाणी फार तापलं तरीही हेच होतं.

मुंबईत वाढलेल्यांनी मरीन ड्राइव्हवरचं, १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय लहानपणी पाहिलं असेल. माशांना दिवा लागतो तो आपल्याला ते दिसावेत म्हणून. प्रवाळाला दिवा लागतो तो जेवायला. हा फरक समजला की निम्मं काम झालं.

निळा उजेड आणि एक सिस्टरबाई

आम्ही सारी नोकरी नर्सिंगमध्ये काढली. तान्ह्या बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी नातवंडांच्या वेळी पाहिलं असेल. या उपचाराची सुरुवात एका नर्सच्या नजरेतून झाली. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड इस्पितळात सिस्टर वॉर्ड म्हणून एक बाई अपुऱ्या दिवसांची बाळं सांभाळत असत. चांगलं ऊन पडलं की त्या बाळांना अंगणात नेत. त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंगावरचा पिवळेपणा उतरलेला, आणि जिथे चादरीची घडी आली होती तेवढा त्रिकोणी तुकडाच पिवळा राहिलेला. तिथून डॉक्टरांनी शोध घेतला आणि १९५८ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

ही गोष्ट इथे सांगण्याचं कारण असं की बाळाला लागतो साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा प्रकाश, आणि प्रवाळाच्या शेवाळाला मुख्यतः लागतो ४२० ते ४८० नॅनोमीटरचा. दोन्ही निळेच, शेजारी शेजारी. आणि नियमही तेच. रंग बरोबर हवा, दिवा ठरलेल्या अंतरावर हवा, वेळ मोजून द्यायला हवा. आम्ही नर्सा त्याला डोस म्हणतो. औषध चांगलं आहे म्हणून कोणी अख्खी बाटली पाजत नाही. दिव्याचंही तसंच.

प्रवाळाला निळाच का, तर समुद्राचं पाणी लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं. निळा सगळ्यात खोल पोचतो. लाखो वर्षं त्याच निळ्या उजेडात राहिल्याने शेवाळाला तो मानवला आहे.

खोक्यावरचे आकडे

दिव्याच्या खोक्यावर तीन आकडे असतात. पहिला वॅट. तो दिवा किती वीज खातो ते सांगतो, प्रवाळाला किती मिळतं ते नाही. दुसरा लुमेन. हा आकडा माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने काढलेला असतो. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा जास्त दिसतो आणि निळा कमी. त्यामुळे भरपूर लुमेनचा पांढरा दिवा आपल्याला झगझगीत वाटतो आणि प्रवाळ त्याखाली अर्धपोटी राहू शकतो. तिसरा केल्विन, म्हणजे प्रकाशाची छटा. भर दिवसाचा उजेड साधारण ६,५०० केल्विन. प्रवाळाच्या टाकीसाठी १०,००० ते २०,००० केल्विनचे, म्हणजे निळसर दिवे वापरतात. घरातला पिवळा दिवा २,७०० ते ३,००० केल्विनचा असतो. तो इथे काही कामाचा नाही.

खरा उपयोगाचा आकडा चौथा आहे आणि तो खोक्यावर क्वचितच असतो. त्याला 'पार' म्हणतात. झाडाला किंवा शेवाळाला वापरता येईल असा किती प्रकाश एका जागी पडतो, याचं ते माप. उष्ण प्रदेशात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर तो २,००० च्या आसपास असतो, आणि खाली जावं तसा झपाट्याने उतरतो. पार मोजायचं यंत्र महाग असतं. काही दुकानं ते भाड्याने देतात, काही हौशी मंडळींकडेही असतं. ते मिळालं तर जरूर मोजा. मोबाइलमधल्या उजेड मोजण्यावर निळ्या दिव्याखाली फार विसंबू नये.

आधी प्रवाळ ठरवा, मग दिवा

लोक आधी दिवा आणतात आणि मग त्याखाली काय जगेल ते पाहतात. आजार समजून घेतल्यावर औषध, हाच क्रम बरा. हौशी लोकांच्या अनुभवावरून ढोबळ तीन गट सांगता येतात.

पहिला गट मऊ प्रवाळांचा. मशरूम, लेदर, झेनिया वगैरे. यांना ५० ते १०० पार पुरे. मुलांना झेनिया फार आवडतो, कारण तो मूठ उघडावी-मिटावी तसा सारखा हलतो. एलातच्या समुद्रात अशा उघडझाप करणाऱ्या प्रवाळावर इस्रायली संशोधकांनी अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की या उघडझापीमुळे पाणी ढवळलं जातं आणि आतल्या शेवाळाचं साखर करण्याचं काम वाढतं. म्हणजे बाई चुलीला फुंकणीने वारा घालते म्हणा ना!

दुसरा गट मोठ्या तोंडाच्या कठीण प्रवाळांचा. लांब बोटांसारखे झुलणारे 'टॉर्च' आणि 'हॅमर' हे यातले. यांना साधारण ७५ ते १५० पार.

तिसरा गट बारीक तोंडाच्या, फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळांचा. अ‍ॅक्रोपोरा आणि एलातच्या समुद्रात सर्रास दिसणारा स्टायलोफोरा यात येतात. यांना २०० ते ३५० पार लागतो आणि पाण्याची काळजीही फार काटेकोर घ्यावी लागते. नवशिक्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये.

आजीआजोबा आणि नातवंडं मिळून सांभाळणार असतील तर आमचं सांगणं, पहिला गटच घ्या. दिवा स्वस्त पडतो आणि प्रवाळही थोडं सोसून घेतो.

तीन प्रकारचे दिवे

आता दिव्यांकडे वळू. आपण एक ठराविक टाकी धरू. ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच, म्हणजे साधारण ४० लिटर पाण्याची. दिवा रोज ९ तास चालणार.

मेटल हॅलाइड: जुन्या काळचा राजा. उजेड सुंदर, पाण्यात उन्हासारख्या लाटा नाचतात. पण भट्टीसारखा तापतो. १५० वॅटचा असला तर महिन्याला ४० युनिट वीज. बेअर शेवा किंवा दिमोनाच्या उन्हाळ्यात एवढ्याशा टाकीवर हा दिवा लावणं म्हणजे रस्सा उकळायला ठेवणं.

टी-५ ट्यूब: बारीक ट्यूब, उजेड एकसारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत. २४ वॅटच्या चार लावल्या तर महिन्याला साधारण २६ युनिट. अडचण अशी की ट्यूब पेटत असली तरी तिचा रंग आणि जोर उतरत जातो, म्हणून ९ ते १२ महिन्यांनी बदलावी लागते. शिवाय आता या ट्यूब मिळणं कमी होत चाललं आहे.

एलईडी: आजच्या घडीला छोट्या टाकीला हाच योग्य. ३० वॅटचा दिवा मऊ प्रवाळांना सहसा पुरतो, आणि वीज महिन्याला ८ युनिटच्या आसपास. पाण्याला उष्णता कमी देतो, वर्षानुवर्षं टिकतो, आणि जोर कमीजास्त करता येतो. एकच दोष, उजेड एका ठिकाणाहून येतो, त्यामुळे मध्ये भडक आणि कोपऱ्यात अंधार होतो. छोट्या टाकीत एक दिवा चालतो. लांब टाकीला दोन लागतात.

दुकानात गेल्यावर हे विचारा:
१. निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांची बटणं वेगवेगळी आहेत का?
२. जोर १० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो का?
३. माझ्या टाकीच्या तळाशी पार किती पडेल, त्याचा कंपनीचा तक्ता आहे का?
४. टाकीच्या काठावर टेकवायचा की वर टांगायचा, आणि किती उंचीवर?
५. मोबाइलशिवाय चालतो का? नातू सैन्यात गेला की मोबाइलवरचा दिवा आजोबांना कोण लावून देणार?

तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरं दुकान बघावं.

पहिल्या दिवशी जोर कमी

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात बार मित्स्वाच्या भेटीच्या पैशांतून मुलाने टाकी आणि दिवा घेतला. दुकानदाराने मोठ्या टाकीचा दिवा दिला आणि पूर्ण जोरावर लावायला सांगितलं. पाचव्या दिवशी लेदर मिटून बसला आणि मशरूम पांढरे पडले. मुलगा रडवेला झाला. त्याला वाटलं, आपण खायला घालायला विसरलो. त्याची काही चूक नव्हती. दुकानातल्या मंद उजेडात वाढलेल्या जिवावर एकदम वैशाखाचं ऊन टाकलं होतं.

म्हणून दिवा सुरुवातीला २५-३० टक्के जोरावर ठेवावा आणि दर आठवड्याला ५ टक्के वाढवत न्यावा. प्रवाळ प्रथम तळाशी ठेवावा, मानवलं की वर. दिवा वर उचलला की उजेड पसरतो आणि जोर उतरतो, खाली आणला की वाढतो. टाकीवर काचेचं झाकण असेल तर ते आठवड्याला पुसावं, कारण त्यावर मिठाची पुटं चढतात आणि बराच उजेड अडवतात.

कोणी विचारतात, मग खिडकीत उन्हातच ठेवली तर? नको. आपल्याकडचं ऊन एवढ्याशा पाण्याला तासाभरात तापवतं, आणि काचेवर शेवाळ माजतं ते वेगळंच.

रात्रही हवी

दिवा रोज ८ ते १० तास, ठरलेल्या वेळी. त्यासाठी घड्याळाचा स्विच लागतो, आणि तो आपल्या घरात नवीन नाही. शब्बाथला दिवे लावण्या-विझवण्यासाठी आपण जे 'शाओन शब्बात' लावतो, तेच इथे चालतं. शब्बाथ असो की सण, प्रवाळाला त्याचा उजेड वेळेवर मिळतो आणि आपल्याला बटणाला हात लावावा लागत नाही. मात्र दातेरी चकतीचं घड्याळ असेल तर वीज जाऊन आल्यावर ते मागे पडतं. तेवढं तपासावं.

पाहुणे आले म्हणून रात्री अकरापर्यंत टाकी उजळून ठेवू नये. कित्येक प्रवाळ समुद्रात चंद्राच्या उजेडावरून आपल्या पिढीची वेळ साधतात. अंधार हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग आहे. आजारी माणसाला झोप लागते, तशीच ही.

रोजची तपासणी, म्हणजे मुलांचं काम

वॉर्डात आम्ही प्रत्येक खाटेला तक्ता लावत असू. मुलांनो, तुम्ही एक वही करा. रोज दिवा लागल्यावर दोन तासांनी बघा आणि लिहा.

प्रवाळ फिका पडत चालला, आखडून बसला: उजेड जास्त असेल. जोर उतरवा किंवा प्रवाळ सावलीत हलवा. पाण्याची उष्णताही बघा. २४ ते २६ अंश ठीक.
प्रवाळ तपकिरी झाला, मान लांब करून वर ताणला गेला: उजेड कमी पडतोय. हळूहळू वाढवा.
फुलला आहे, रंग टिकून आहे: काही हात लावू नका! बदल एका वेळी एकच, आणि पुढे आठवडाभर वाट पाहायची.

एक गंमतही करून बघा. खोलीत अंधार करा, टाकीचा फक्त निळा दिवा ठेवा आणि त्याखाली लाल चेंडू धरा. तो काळपट दिसेल, कारण परत फेकायला लाल उजेडच नाही. खोल समुद्रात लाल मासा असाच लपतो. आणि काही प्रवाळ मात्र त्याच निळ्या उजेडात हिरवे-केशरी चमकतात. ते निळा उजेड गिळून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात.

जपायच्या गोष्टी

मीठपाणी आणि वीज यांचं वैर आहे. दिव्याची वायर प्लगपर्यंत सरळ उतरू देऊ नये. तिला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथून खाली ठिबकतं. घराच्या विजेच्या फळीवर गळतीचा स्विच, ज्याला इथे 'मिमसार पाखात' म्हणतात, तो चालू स्थितीत आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा. निळ्या एलईडीकडे टक लावून पाहू नये. कावीळ झालेल्या बाळाच्या डोळ्यांना आम्ही पट्टी बांधत असू ती उगीच नाही. आणि 'बटण' म्हणून मिळणाऱ्या प्रवाळांपैकी काहींत जबर विष असतं. ते हातमोजे घालूनच हाताळावेत, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने धुऊ नये. वाफेतूनही विषबाधा होते. लहान मुलांच्या घरात ते न आणलेलेच बरे.

शेवटचं म्हणजे प्रवाळ कुठून आणावा. एलातच्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलणं, जिवंत असो वा मेलेला, कायद्याने मना आहे. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही परवाना लागतो. टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे छोटे तुकडे दुकानात मिळतात. कोकणात आंब्याचं कलम करतात तसंच हे कलम. तेच मागावं, आणि "समुद्रातून आणलेला की टाकीत वाढवलेला?" हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एलातला पाण्याखालच्या वेधशाळेत काचेतून प्रवाळ बघायला मिळतात. आपल्या कोकणातही मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. समुद्रातले समुद्रातच राहू द्यावेत.

पहिली टाकी मांडणाऱ्यांनी ४० लिटर पाणी, ३० वॅटचा निळा-पांढरा एलईडी, एक शाओन शब्बात आणि दोन मशरूम एवढ्यावरच सुरुवात करावी. तीन महिने वही नीट लिहिली गेली, तर तिसरा प्रवाळ आजीच्या खर्चाने!